सासूबाईंची फरशी

शनिवार, ६ जुलै

निर्णय झाला. बाथरूमची फरशी मी स्वतः करणार.

पार्श्वभूमी थोडक्यात, नोंद असलेली बरी. सासूबाई पोर्ट फेअरीला स्वतःच्या घरात पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आता इथे वॉर्नंबूलच्या हॉस्पिटलात चालायचा सराव सुरू आहे. वय अठ्ठ्याऐंशी, जीभ पंचविशीची. यापुढे एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. ग्लेनिस म्हणते, आई आपल्याकडे राहील. तिचा भाऊ रसेल म्हणतो, आई जिलाँगला, त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. हॉस्पिटलच्या थेरपिस्ट बाई २५ तारखेला आमचं घर तपासायला येणार. त्या हो म्हणाल्या तर सासूबाई इकडे. नाही म्हणाल्या तर जिलाँग.

मला दोन्ही चालेल. मी तटस्थ आहे.

अडचण एकच, बाथरूम. घरात तेवढं एकच आहे आणि त्यात जुन्या गुलाबी टाइल्स. ओल्या झाल्या की साबणाची वडी. ग्लेनिस म्हणाली, टाइलवाल्याला बोलावू. मी म्हटलं, कशाला? मी व्हिडिओ बघितलाय. जुनी फरशी फोडायचीसुद्धा नाही. व्हायनिलच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या टाइल्स आणायच्या, मागचा कागद सोलायचा, जुन्यावर चिकटवायच्या. व्हिडिओतल्या माणसाच्या शर्टाची इस्त्रीही मोडली नाही.

ग्लेनिसने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं. कर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या लवकर तिला माझं काही पटलं नव्हतं. विश्वास म्हणतात तो हाच.

रविवार, ७ जुलै

मापं घेतली.

मी निवृत्तीपर्यंत नगरपालिकेच्या पार्किंग विभागात नोकरी केली. या गावातल्या निम्म्या पांढऱ्या रेषा माझ्या देखरेखीखाली मारल्या गेल्यात. सरळ रेष माझ्या रक्तात आहे. हे मी शेजारच्या कॉस्टाला कुंपणावरून सांगितलं. तो म्हणाला, "तरीच गावात एकही गाडी सरळ उभी नसते." कॉस्टा जन्मभर मासेमारी करत होता. मी त्याच्या ट्रकला दोनदा दंडाची चिठ्ठी लावली होती. तो विसरलेला नाही. मी मोठ्या मनाने विसरलोय.

बाथरूमची लांबी तीनदा मोजली. तीन उत्तरं आली. सरासरी काढली. शास्त्रात असंच करतात.

मंगळवार, ९ जुलै

टाइल्स आणल्या. इटालियन संगमरवरासारख्या, चकचकीत, आपलं तोंड दिसेल अशा. दुकानातल्या मुलीने विचारलं, कुठे बसवणार? मी म्हटलं, ते तू माझ्यावर सोड.

ग्लेनिसने एक टाइल स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवली, तिच्यावर पेलाभर पाणी ओतलं आणि मला म्हणाली, मोजे घालून उभा राहा. राहिलो. पुढचं आठवतं ते फ्रिजला मिठी मारलेली.

ती म्हणाली, "माझी आई यावरून थेट जिलाँगला पोचेल. गाडीचा खर्च वाचला."

टोमणा होता. पण मुद्द्यात तथ्य असू शकतं.

बुधवार, १० जुलै

टाइल्स बदलून आणल्या. करड्या, खरखरीत. तीच मुलगी होती. मी म्हटलं, बायकोचं मत बदललं. बायकांचं असंच असतं, असंही म्हणणार होतो, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हटलं.

उद्यापासून काम. संकल्प: रोज सकाळी सहाला उठणे. पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, पण थंडी असो, वारा असो.

शुक्रवार, १२ जुलै

काल सहाला उठलो नाही. समुद्रावरून दक्षिणेचा वारा येत होता. अशा हवेत घाईने केलेलं काम टिकत नाही.

आज दहाला सुरुवात. पाकिटावरच्या सूचना अशा: जुन्या फरशीवरचा तेलकटपणा पूर्ण घालवा, टाइलमधल्या फटी भरून सपाट करा, प्रायमर लावा, वाळू द्या, खोली उबदार ठेवा. सूचना वकील लिहितात. कंपनीवर कोणी दावा लावू नये म्हणून. मी फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि सहा टाइल्स चिकटवल्या.

अप्रतिम. शब्द नाहीत. फोटो काढून रसेलला पाठवला. त्याने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. मत्सर लपत नाही.

शनिवार, १३ जुलै

सकाळी बघतो तर सहाही टाइल्सच्या कडा वर वळलेल्या, शिळ्या ब्रेडसारख्या. शिवाय जुन्या फटींच्या रेषा नव्या फरशीतून दिसतायत, हडकुळ्या माणसाच्या बरगड्या बनियनमधून दिसतात तशा. ओढून बघितलं. एका बोटाने निघाल्या.

कारण स्पष्ट आहे. थंडी.

दुपारी हॉस्पिटलात गेलो. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. ग्लेनिस नर्सशी बोलायला गेल्यावर त्यांनी विचारलं, फरशी कुठवर आली? मी म्हटलं, पाया चाललाय. त्या म्हणाल्या, "आमचे हेसुद्धा असेच हौशी होते. त्यांनी स्वतःच्या हाताने कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. त्यात शेवटपर्यंत एक कोंबडी गेली नाही. पावसात भिजायच्या, पण जायच्या नाहीत."

त्या हसल्या नाहीत. म्हणजे कौतुकच असावं.

मग माझी बाही धरून हळूच म्हणाल्या, "नेव्हिल, मला जिलाँगला जायचं नाही रे. तिथे रसेलची बायको रोज भेटायला येईल."

मी सासूबाईंना नावानेच हाक मारतो. म्हटलं, ऊना, काळजी करू नका, फरशी माझ्या हातात आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले. थकल्या असतील. येताना मी नर्सला सहज विचारलं, इथून जिलाँग गाडीने किती वेळ. सामान्यज्ञान म्हणून.

मंगळवार, १६ जुलै

सकाळी १०.४०. ही नोंद टबमध्ये बसून लिहितोय. टब कोरडा आहे. मी कपड्यांत आहे.

आज सूचना पाळल्या. फटी बुजवायची पावडर आणली. बादलीत पाणी घालून कालवायची, फरशीवर ओतायची, आपोआप पसरून सपाट होते. काम उत्तम झालं. दारापासून सुरुवात केली आणि ओतत ओतत मागे सरकत आलो. पाठीला टब लागला तेव्हा लक्षात आलं की दार पलीकडे आहे.

११.१५. पाकिटावर लिहिलंय, चार तासांनी पाय ठेवा. उबदार हवेत. ग्लेनिस मैत्रिणींबरोबर देवमासे बघायला किनाऱ्यावर गेलीय. माझा फोन स्वयंपाकघरात आहे. दोनदा वाजला. संयम हा कारागिराचा पहिला गुण.

१२.३०. खिडकीतून कॉस्टाला हाक मारली. तो पलीकडून बादलीवर चढला, आत डोकावला, फरशी बघितली, मला बघितलं. खाली उतरून गेला. थोड्या वेळाने खिडकीतून मासे पकडायची काठी आत आली. गळाला पिशवी, पिशवीत मटणाचं सँडविच. बाहेरून आवाज आला, "आजवर गळाला खाणं लावून मासे बाहेर काढले. आतच ठेवायचा मासा हा पहिलाच."

१.१०. त्याच मार्गाने चहाचा थर्मास आला. सगळा प्यायलो.

२.०५. चहा नको होता.

२.२०. कमोड समोर दिसतोय. टबमधून वाकून हात लांब केला तर झाकणाला बोट लागतं. बोटाचा उपयोग नाही.

२.४५. उडी मारली. तपशील या वहीत नकोत.

संध्याकाळी. फरशी सुंदर वाळतेय. कमोडसमोर टाचेचा एक ठसा आहे. एकच, पण खोल. भरून काढेन. ग्लेनिस आली तेव्हा विषय बदलावा म्हणून विचारलं, देवमासा दिसला का? ठशाकडे बघत म्हणाली, "दोन. एक समुद्रात."

बुधवार, १७ जुलै

फरशी वाळेपर्यंत बाथरूम बंद. आम्ही टॉवेल घेऊन कॉस्टाकडे जातो. ग्लेनिस पटकन उरकून येते. मी जरा वेळ घेतो. आज बाहेर आलो तर खुंटीवरच्या माझ्या कोटाला कागद लावलेला: 'वेळेपेक्षा जास्त थांबल्याबद्दल.' खाली कॉस्टाची सही.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. सूड हे दुबळ्यांचं शस्त्र आहे. गरम पाणी मात्र त्याच्याकडे आमच्यापेक्षा चांगलं येतं.

गुरुवार, १८ जुलै

फरशी उंच झाली, त्यामुळे दार तळाशी अडतंय. याला प्रगती म्हणतात. दार खालून कापायला हवं.

दार काढलं, अंगणात आडवं ठेवलं, पट्टी कापली. आडव्या दाराला वर-खाली काही नसतं, हे लोक लक्षात घेत नाहीत. परत बसवलं. खाली पूर्वीसारखंच अडतंय आणि वर फट पडलीय.

पुन्हा काढलं. या वेळी आधी खडूने मोठ्या अक्षरात 'खाली' लिहिलं. कापलं. पुन्हा उतरवावं लागू नये म्हणून थोडं जास्तच कापलं.

दार आता झोकात उघडतं. हवाही खेळती राहील. कॉस्टाचं मांजर खालच्या फटीतून आत आलं, इकडेतिकडे बघितलं आणि गेलं.

ग्लेनिस म्हणाली, "याला खिडकी म्हणू की दार?" आवाज अगदी शांत. हल्ली ती फारच शांत असते. मी कामात असलो की तिला आधार वाटतो, असं दिसतं.

शनिवार, २० जुलै

आज सगळ्या टाइल्स लावल्या. सगळ्या! नोंद करताना पेन हाताला चिकटतंय.

किरकोळ बाबी:

दाराशी सरळ सुरू केलेली रेष टबापर्यंत पोचता पोचता डावीकडे कलली. तिथे पाचरीच्या आकाराची जागा उरली. घरच कललेलं आहे. मी सत्तावीस वर्षं कललेल्या घरात राहतोय आणि मला आज कळतंय.

कमोडच्या बुडाभोवतीचा गोल आकार आधी वर्तमानपत्रावर कापला. फार बारकाईने. मग तो टाइलच्या मागच्या बाजूला ठेवून टाइल कापली. सरळ केली तर गोल उलट्या अंगाला. कागदाला दोन बाजू असतात, हे व्हिडिओत सांगायला हवं होतं. तीन टाइल्स गेल्या. चौथी बसली. साधारण बसली. उरलेल्या जागेवर ब्रश ठेवायचं भांडं येईल.

काम संपवून कॉस्टाकडे फुटबॉलची मॅच बघायला गेलो. मॅच अर्धी झाल्यावर तो म्हणाला, "गुडघ्याला काय आहे?" एक टाइल होती. मी म्हटलं, नमुना दाखवायला आणली.

संकल्प: पुढच्या महिन्यात व्हरांडा.

रविवार, २१ जुलै

परीक्षा घेतली. सासूबाई यायच्या आधी फरशी तपासायला हवी, हे सुचलं मलाच. गरम पाण्याचा शॉवर सोडला, वाफ होऊ दिली आणि कॉस्टाला म्हटलं, अनवाणी चालून दाखव. त्याचं वजन जास्त आहे. तो चालला तर कोणीही चालेल.

पहिलं पाऊल उत्तम. दुसऱ्या पावलाला टाइल त्याच्यासकट निघाली. तो लाटेवर उभा राहिल्यासारखा हात पसरून टबाकडे गेला, वाटेत शॉवरचा पडदा धरला, पडदा दांडीसकट खाली आला आणि कॉस्टा टबात बसला. पडदा डोक्यावर. त्यातून हसण्याचा आवाज. हसून हसून त्याला ठसका लागला. ग्लेनिस धावत आली, तीसुद्धा दाराला टेकून हसायला लागली.

मी हसलो नाही. कॉस्टाला हात देऊन उठवताना त्याच्या जागी एकदम सासूबाई दिसल्या. ती काडीसारखी मनगटं. पायांवरच्या निळ्या शिरा. मी टबाच्या कडेवर बसलो ते बराच वेळ उठलोच नाही. कॉस्टाचं हसू थांबलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेला.

(ही नोंद नंतर खोडायची.)

संध्याकाळी रसेलचा फोन. वृद्धाश्रमात खोली मिळतेय, महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवतील म्हणाला. आवाजात विजय होता. निदान मला ऐकू आला. ग्लेनिस म्हणाली, गुरुवारी थेरपिस्ट बाई येऊन जाऊ देत, मग बोलू.

सोमवार, २२ जुलै

संकल्प: आज एका दिवसात सगळं काढून, घासून, नव्याने लावणे. सहाला उठलो. खरंच उठलो.

सव्वासहाला वाकलो. कंबर धरली.

दिवसभर बैठकीच्या खोलीत जमिनीवर पडून आहे. छताला एक भेग दिसली. नंतर बघेन. ग्लेनिसने कमरेखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली, भोपळ्याचं सूप चमच्याने भरवलं. मी म्हटलं, परवा जमेल. बुधवारी. बुधवारी नक्की. ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, नाही जमलं तर? ती म्हणाली, "सूप गार होतंय."

मंगळवार, २३ जुलै

सकाळी आठला बेल वाजली. दारात एक तरुण बाई, गुडघ्यांना पॅड, हातात हत्यारांची पेटी, मागे गाडीत कुत्रा. म्हणाली, मी किरा, फरशीसाठी आलेय. मी म्हटलं, पत्ता चुकला. मागून ग्लेनिस म्हणाली, "नाही चुकला. ये आत."

किरा बाथरूमच्या दारात उभी राहिली. पेटी खाली ठेवली. मग विचारलं, "हे कोणी केलंय?"

ग्लेनिस डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "आधीच्या मालकाने."

किराने माझ्याकडे बघितलं. मी कमरेला हात लावून उभा होतो. मी म्हटलं, "काही लोकांना झेपत नाही, तरी करतात."

"दारसुद्धा त्यानेच?"

"दारसुद्धा."

"बिचारा," किरा म्हणाली आणि आत गेली. पहिली टाइल काढायला तिला वाकावंच लागलं नाही. बुटाला चिकटून आली.

स्वयंपाकघरात ग्लेनिसला जाब विचारला. जमेल तितक्या ताठ मानेने. हिला कधी बोलावलंस? ती चहा ओतत म्हणाली, "सहा तारखेला. तू व्हिडिओ दुसऱ्यांदा बघत होतास तेव्हा. तिला आजच्या आधी वेळ नव्हता."

म्हणजे मी हे सगळं... इतके दिवस... टबमध्ये...

"टबमध्ये बसशील असं नव्हतं वाटलं," ती म्हणाली. "पण तुला काहीतरी काम हवं होतं, नेव्हिल. आई पडली त्या दिवसापासून तू जेवत नव्हतास. तिच्या खाटेशी बसून नुसता तिच्या पायांकडे बघायचास. जिलाँग किती लांब म्हणून नर्सला चार वेळा विचारलंस. ती मला विचारत होती, तुमच्या नवऱ्याला विसरायचा आजार आहे का?"

मी म्हटलं, मी तटस्थ होतो.

"हो, माहीत आहे," ती म्हणाली आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.

मी रागावलो होतो. दोन बिस्किटं खाल्ली. मग आठवेना की नक्की कशावर रागावलोय, म्हणून तिसरं घेतलं. बाथरूममधून किरा काहीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येत होता. मी काम करताना कधीच गुणगुणलो नाही. वेळच मिळाला नाही.

गुरुवार, २५ जुलै

थेरपिस्ट बाई अकराला आल्या. कडक बाई. हातात मोजपट्टी, चेहरा पार्किंगमधल्या माझ्या जुन्या साहेबांसारखा. बूट काढले, ओल्या फरशीवर अनवाणी चालल्या, टाच घासून बघितली, किराने भिंतीत बसवलेली आधाराची दांडी हलवून बघितली. माझ्या छातीत धडधडत होतं. कॉफी जास्त झाली असेल.

म्हणाल्या, फरशी उत्तम. मग दारापाशी थांबल्या. वरच्या फटीकडे बघितलं, खालच्या फटीकडे बघितलं. ग्लेनिसने डोळे मिटून घेतले.

बाई म्हणाल्या, "हे बरं केलंत. आत कोणी हाक मारली तर बाहेर लगेच ऐकू येईल. दाराची ही कल्पना कोणाची?"

मी पुढे झालो. म्हटलं, माझी.

मंजुरी मिळाली. ग्लेनिस अंगणात जाऊन रसेलला फोन करायला लागली आणि मध्येच रडली. मी कॉस्टाला सांगायला कुंपणापाशी गेलो. त्याने फक्त विचारलं, "म्हणजे दारावर पास झालास?" मी म्हटलं, एकूण प्रकल्पाचा विचार करायचा असतो.

मंगळवार, ३० जुलै

सासूबाई आल्या. वॉकर, दोन पेट्या, एक कुंडी. रसेल पोचवायला आला होता. बाथरूममध्ये जाऊन फरशी बुटाने दाबून बघत होता. म्हणाला, "काम चांगलं झालंय, नेव्हिल. मला वाटलं नव्हतं." मी नम्रपणे मान हलवली. ग्लेनिस चहा प्यायची थांबली. सासूबाई म्हणाल्या, "त्याने फार मेहनत घेतली." त्यांना ग्लेनिसने सगळं सांगितलंय, हे मला त्यांच्या भुवईवरून कळलं. रसेल निघाल्यावर त्या मला म्हणाल्या, "त्याच्या बायकोपर्यंत हेच पोचलं पाहिजे."

शनिवार, ३ ऑगस्ट

आज सासूबाईंची नर्सशिवाय पहिली आंघोळ. आजवर घरी नर्स यायची. ग्लेनिस बाजारात गेली होती, तिची वाट बघायला त्या तयार नव्हत्या. म्हणाल्या, बाई नको की माणूस नको, मी एकटी करणार. वॉकर घेऊन आत गेल्या, दार लावलं. मग आतून पाण्याचा आवाज येईना, काहीच येईना. मी बाहेर पॅसेजमध्ये उभा. थोड्या वेळाने म्हणाल्या, "नेव्हिल, तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, इथेच.

"काही काम आहे का तुला?"

मी म्हटलं, बरीच आहेत. व्हरांडा आहे, छताची भेग आहे.

आत वॉकर फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "मी घाबरलेय. ग्लेनिसला सांगू नकोस."

स्वयंपाकघरातून खुर्ची आणली, दाराशी ठेवली, मुद्दाम पाय वाजवत. बसलो. मग पाण्याचा आवाज सुरू झाला. मध्ये मध्ये हाक यायची, "आहेस का?" मी म्हणायचो, "आहे." खालच्या फटीतून वाफ येत होती, तिला लॅव्हेंडरच्या साबणाचा वास. आणखी एकदा, "आहेस का?" आहे.

सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर आहे, असं मी लिहिणार होतो. पण नुसती खुर्ची आहे आणि मी आहे.

बसल्या बसल्या दिसलं की दाराची वरची बिजागरी कुरकुरते. एक स्क्रू ढिला आहे. खिशात स्क्रू ड्रायव्हर होताच. हळूच उठलो, आवाज न करता, स्क्रूवर टेकवला, तरी बिजागरी कुरकुरलीच.

आतून आवाज आला, "नेव्हिल, हातात काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही.

"मग ते खाली ठेव. काही करू नकोस. नुसता बस."

बसलो.